रेंज फुल, तरी नेट अडलेलं : एका अभ्यासिकेतल्या वायफायचं प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. खाली देवघेव विभाग, कार्यालय आणि वर्तमानपत्रांचा मुक्तद्वार कक्ष. वर अभ्यासिका, मुलांची मोठी आणि मुलींची त्यामानानं लहान. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी ऐंशी-नव्वद मुलंमुली इथं रोज बसतात. बहुतेक जण आसपासच्या खेड्यांतून येतात. घरी बसायला स्वतंत्र जागा नाही आणि मोबाइलला नीट रेंज नाही, म्हणून इथं येतात. त्यांच्यासाठी वायफाय ही चैनीची गोष्ट नाही. सराव परीक्षा ऑनलाइन, अर्ज ऑनलाइन, प्रवेशपत्र ऑनलाइन. अर्जाच्या शेवटच्या दिवशी नेट अडलं तर पोराचं वर्ष हातचं जाऊ शकतं.

तक्रार एका ओळीची होती : संध्याकाळी नेट चालत नाही. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "सर, रेंज तर फुल दाखवतंय. सगळ्या रेघा भरलेल्या. पण पानच उघडत नाही." मुलींच्या अभ्यासिकेतली एक जण म्हणाली, "दादा, पेपर सोडवून होतो, सबमिट दाबलं की नुसतं गोल गोल फिरत राहतं. वेळ संपते आणि मार्क शून्य."

कार्यकारी मंडळानं उपायही जवळजवळ ठरवून टाकला होता : १०० मेगाबिटचा प्लॅन ३०० चा करायचा आणि तीन ॲक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वायफायचा सिग्नल देणारी उपकरणं) आहेत त्यांत आणखी दोन वाढवायचे. खर्चाचा अंदाज मागवून झाला होता. वाचनालय अनुदानावर आणि वर्गणीवर चालतं. तिथला पैसा चुकीच्या जागी जाऊ नये एवढ्यासाठी तरी आधी नीट तपासणं भाग होतं.

सकाळी चालतं, संध्याकाळी नाही

या प्रकरणातला सगळ्यात मोठा दुवा कुणी तक्रारीत लिहिलेला नव्हता. सहज विचारल्यावर मॅडम बोलून गेल्या, की सकाळी सहाला अभ्यासिका उघडते तेव्हा नेट झकास असतं. नऊनंतर मंदावतं आणि संध्याकाळी सातच्या सुमारास पार बसतं.

उपकरण बिघडलेलं असतं तर सकाळीही बिघडलेलंच दिसलं असतं. भिंत आड येत असती तर ती सकाळीही आड आली असती. गर्दीबरोबर वाढणारा त्रास म्हणजे काहीतरी वाटून घेतलं जातंय आणि ते पुरत नाहीये. फायबरवरून येणारं इंटरनेट पुरत नाही, की हवा (म्हणजे वायफायच्या लहरींना मिळणारी जागा) पुरत नाही, एवढाच प्रश्न राहिला. तो सोडवायला महागडं यंत्र लागत नाही.

गर्दीच्या वेळी लॅपटॉप थेट स्विचला (नेटच्या सगळ्या केबली जिथं जोडल्या जातात त्या डब्याला) केबलनं जोडला आणि वेग मोजला. शंभरातले नव्वदच्या वर मिळाले. राउटरच्या पानावर चालू वापराचा आलेख पाहिला तर सगळी अभ्यासिका मिळून जेमतेम ३०-३५ मेगाबिट ओढत होती. दोन-तृतीयांश फायबर मोकळा पडलेला आणि वर मुलांच्या फोनवर गोल फिरतंय. त्यानंतर केबल काढली, त्याच खोलीत वायफायवर आलो आणि इंटरनेटला न विचारता इमारतीतल्याच राउटरला पिंग केलं, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं. सकाळी हेच उत्तर दोन-चार मिलिसेकंदांत येत होतं. संध्याकाळी कधी ३०, कधी ४००, मध्येच सहाशेच्या वर, आणि काही पिंग तर परतलेच नाहीत.

राउटर खालच्या मजल्यावर, म्हणजे हाकेच्या अंतरावर. तिथपर्यंत जाऊन यायला अर्धा सेकंद लागत असेल तर ३०० चा प्लॅन घेऊन काही होणार नाही, हे मंडळाला त्याच दिवशी सांगितलं. प्लॅनचा प्रस्ताव तिथंच थांबला.

हवेत काय चाललं होतं

वायफायबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना सांगितली जाते. एका चॅनलवर, म्हणजे लहरींच्या एका ठरलेल्या पट्टीवर, एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं. बाकीचे सगळे आधी ऐकतात, हवा मोकळी आहे याची खात्री करतात, थोडं थांबतात आणि मग बोलतात. आपल्याच चॅनलवरचं दुसरं कुणाचं वायफाय उणे ८२ डीबीएमइतकं क्षीण ऐकू आलं तरी थांबायचं, असा नियम आहे. (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप. उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण.) फोनवरच्या रेघा फक्त एपीचा सिग्नल किती मोठ्यानं येतोय ते सांगतात. बोलायची पाळी किती वेळानं मिळेल, हे त्या रेघांत कुठंच दिसत नाही. म्हणून रेंज फुल आणि नेट ठप्प, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

चॅनल किती भरलेला आहे हे बरेचसे एपी स्वतःच सेकंदातून सुमारे दहा वेळा हवेत सांगत असतात. बीकन नावाचा छोटा संदेश असतो, त्यातच हा आकडा ० ते २५५ या मापात असतो आणि सोबत किती उपकरणं जोडलेली आहेत तेही असतं. वायफाय तपासायच्या बऱ्याच मोफत ॲपमध्ये तो वाचता येतो. इथलं वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालत होतं. मुलांच्या अभ्यासिकेतल्या एपीचा २.४ गिगाहर्ट्झवरचा आकडा संध्याकाळी दोनशेच्या आसपास होता. म्हणजे शंभरातला ७८ टक्के वेळ हवा भरलेली. मुलं त्या वेळी फार काही डाउनलोड करत नव्हती, हे राउटरच्या आलेखावरून कळलंच होतं. मग हवा भरली कशानं?

सेटिंग उघडल्यावर एकेक कारण समोर आलं. ज्यांनी बसवलं त्यांनी बहुतेक रकाने 'ऑटो'वर सोडलेले आणि पॉवर कमाल. २.४ गिगाहर्ट्झमध्ये तीनपैकी दोन एपी चॅनल ६ वर, तिसरा ९ वर, आणि तिघांचीही चॅनल-रुंदी ४० मेगाहर्ट्झ.

२.४ चा अख्खा पट्टाच ८३.५ मेगाहर्ट्झचा. भारतात त्यात १ ते १३ चॅनल येतात, पण ते एकमेकांपासून पाच-पाच मेगाहर्ट्झवर आहेत आणि प्रत्येकाला वीसेक मेगाहर्ट्झ जागा लागते. त्यामुळे एकमेकांच्या पायावर पाय न देता तिघंच उभे राहू शकतात : १, ६ आणि ११. चाळीसची रुंदी दिली की एकटा एपीच पट्ट्याचा निम्मा भाग खातो. चॅनल ९ तर सगळ्यात वाईट. तो ६ वाल्यांनाही नडतो आणि ११ वाल्यांनाही. शिवाय अर्धवट एकमेकांवर आलेल्या चॅनलवरचे संदेश एकमेकांना नीट समजत नाहीत, त्यामुळे पाळी पाळली जात नाही, नुसता गोंगाट होतो. पूर्ण एकाच चॅनलवर असलेले शेजारी निदान एकमेकांसाठी थांबतात.

दुसरी गोष्ट माझ्या मते या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून तिचा हिशोब सविस्तर देतो.

प्रत्येक एपी चार-चार नावांनी हवेत होता : कार्यालय, विद्यार्थी, पाहुणे आणि सीसीटीव्ही. प्रत्येक नावाचा स्वतंत्र बीकन निघतो, दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक. बीकन जातो तो त्या एपीवर चालू असलेल्या सगळ्यात मंद वेगानं, कारण लांबच्या जुन्यात जुन्या उपकरणालाही तो कळला पाहिजे. इथं तो सगळ्यात मंद वेग १ मेगाबिट होता, १९९० च्या दशकातला. तीनशे बाइटचा बीकन म्हणजे २४०० बिट. १ मेगाबिटच्या वेगानं त्याला २.४ मिलिसेकंद लागतात, सुरुवातीची सूचना धरून २.६. सेकंदाला जवळजवळ दहा वेळा, म्हणजे एका नावामागे हवेतला अडीच टक्के वेळ. चॅनल ६ वर आपलेच दोन एपी, प्रत्येकी चार नावं, एकूण आठ. वीस टक्के वेळ नुसता 'मी इथं आहे' हे सांगण्यात संपला. रस्त्यापलीकडची दुकानं आणि वरच्या मजल्यांवरची घरं यांची त्याच चॅनलवर पाचेक नावं दिसत होती. त्यांचे आणखी बारा टक्के धरा. एकाही विद्यार्थ्यानं फोन हातात घेण्याआधी एक-तृतीयांश हवा खर्ची पडलेली.

हा हिशोब मी फळ्यावर मांडून दाखवला तेव्हा मंडळाचे कार्यवाह म्हणाले, "म्हणजे आणखी दोन बसवले असते तर?" आणखी दोन बसवले असते, तेही चार-चार नावांनी, आणि ऑटोनं त्यांनाही ६ वर नेलं असतं, तर आणखी वीस टक्के.

मंद वेगाचा त्रास बीकनपुरता नाही. कोपऱ्यात बसलेला एखादा फोन सिग्नल क्षीण झाला म्हणून १ मेगाबिटवर उतरला, की त्याचा १५०० बाइटचा एक तुकडा १२ मिलिसेकंद हवा अडवतो. एपीजवळ बसलेला फोन १४४ मेगाबिटच्या वेगानं तेवढाच तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी वेळात पाठवतो. अरुंद पुलावर उसाची बैलगाडी चढली की मागच्या गाडीचं इंजिन किती ताकदीचं आहे याला अर्थ राहत नाही. इथं तसंच झालं होतं. महागाचा नवा फोन असलेला मुलगाही तेवढाच अडकलेला.

५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर असायला हवी होती. तिथंही तिन्ही एपी चॅनल ३६ वर, ८० मेगाहर्ट्झ रुंदीनं. तीन उपकरणं विकत घेतली, पण हवेच्या दृष्टीनं ते एकच उपकरण होतं. चॅनलच्या यादीत दुसरं फार काही दिसतच नव्हतं, आणि त्याचं कारण देशाच्या रकान्यात सापडलं. तिथं भलताच देश निवडलेला होता.

हा रकाना लोक घड्याळाच्या वेळेसारखा समजतात आणि पुढं जातात. कोणते चॅनल वापरायचे आणि कमाल किती पॉवर द्यायची, हे तो ठरवतो. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे. आपल्याकडे २.४ चा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनं ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ एवढा मोठा पट्टा परवान्याविना वापरायला मोकळा केला, एकूण ६०५ मेगाहर्ट्झ. देश 'भारत' केल्याबरोबर १४९ पासूनचे वरचे चॅनल यादीत आले. दुसऱ्या देशाचं नाव घालून जास्त पॉवर काढायची युक्ती काही जण सांगतात. ती करू नये. ते बेकायदेशीर आहेच, आणि या प्रकरणात तर जास्त पॉवर हाच रोगाचा एक भाग होता.

इमारत आणि पॉवर

खालच्या मजल्याच्या भिंती काळ्या दगडाच्या, हातभर जाडीच्या. मधला स्लॅब नंतरचा. वरचे भाग विटांचे आणि प्लायवूडचे. पुस्तकं लोखंडी कपाटांत, आणि कपाटं भिंतीला लावून ओळीनं उभी.

पहिला एपी खाली कार्यालयात, नेमका एका कपाटाच्या मागं वर टांगलेला. दुसरा वरच्या मजल्यावर जिन्याजवळच्या बोळात. तिसरा मुलांच्या अभ्यासिकेच्या छताला. मुलींच्या खोलीत एकही नाही. तिथं बोळातल्या एपीवर काम भागवलं जात होतं, दोन भिंतींपलीकडून.

तिघांचीही पॉवर २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॅट. ऐकायला छान वाटतं. पण फोन साधारण १२ ते १५ डीबीएमनंच उत्तर देतो, कारण त्याला बॅटरी सांभाळायची असते. एपीचं बोलणं फोनला दोन भिंतींपलीकडे स्वच्छ ऐकू येतं, रेघा भरतात. फोनचं उत्तर मात्र एपीपर्यंत तुटक पोचतं. मग तेच उत्तर परत, आणखी मंद वेगानं, परत. सबमिटचं बटण दाबल्यावर गोल फिरत राहायचं ते याच टप्प्यावर. पेपर वाचताना डेटा एपीकडून फोनकडे येतो, ते चालायचं. उत्तरं पाठवताना दिशा उलटी होते आणि तिथं घोडं अडायचं. त्या मुलीनं अगदी अचूक निरीक्षण सांगितलं होतं. तांत्रिक शब्द तिच्याकडे नव्हते, एवढंच.

मोठ्या पॉवरचा दुसरा तोटा जिन्यात दिसला. खालून वर येणारा मुलगा खालच्या एपीला जोडलेला असायचा. वर छताला दुसरा एपी उणे ५० वर उभा, पण याचा फोन खालच्याला उणे ७५ वर धरून बसलेला. कोणता एपी सोडायचा आणि कधी, हे फोन ठरवतो, एपी नाही. खालचा एपी अजून ऐकू येतोय तोवर कित्येक फोन हलत नाहीत.

एकेक बदल

बदल एका वेळी एकच केला आणि प्रत्येकानंतर संध्याकाळच्या गर्दीत तोच चॅनलचा आकडा आणि तोच पिंग मोजला. सगळं एकदम बदललं तर सुधारणा कशानं झाली ते कळत नाही, आणि बिघडलं तर परत कुठं जायचं तेही कळत नाही. सुरुवातीलाच तिन्ही एपींच्या मूळ सेटिंगची प्रत काढून ठेवली.

देशाचा रकाना दुरुस्त केला. त्यानंतर नावं कमी केली. सीसीटीव्हीचे सगळे कॅमेरे केबलवरच होते, त्या नावाला एकही उपकरण जोडलेलं नव्हतं. पाहुण्यांचं नाव कुणी वापरत नव्हतं. दोन नावं उरली, कार्यालय आणि विद्यार्थी. या एका बदलानं कुणाचं काहीही अडलं नाही आणि बीकनचा खर्च निम्मा झाला.

२.४ ची रुंदी २० केली आणि तीन एपींना १, ६, ११ वाटून दिले. कोणाला कोणता, हे शेजाऱ्यांकडे बघून ठरवलं. रस्त्याच्या बाजूला दुकानांचा ६ वर जोर, म्हणून रस्त्याकडच्या मुलांच्या अभ्यासिकेला ११. मागच्या अंगाला खाली कार्यालयाला ६, कारण तिथं दगडी भिंतीच रस्त्यावरचा गोंगाट अडवतात. बोळाला १. ऑटो बंद केलं. ऑटो सगळीकडे वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. शेकडो एपींच्या जाळ्यात ते लागतंच. पण तीन एपींच्या इमारतीत ते संध्याकाळी ऐन गर्दीत चॅनल बदलायचं आणि त्या क्षणी जोडलेली सगळी मुलं तुटायची, हे नोंदीत दिसत होतं.

५ गिगाहर्ट्झची रुंदी ८० ची ४० केली. यावर मंडळातल्या एका तरुण सदस्यानं हरकत घेतली, की ८० वर त्याच्या फोनला स्पीड टेस्ट दुप्पट दाखवते. त्याचं म्हणणं खरं होतं, सकाळी सहाला आणि एकटा असताना. हिशोब असा : ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ एवढेच ८० मेगाहर्ट्झचे दोन गट इथं निर्धास्त वापरता येत होते, आणि एपी तीन. कुणी तरी दोघं एकाच गटात येणारच. ४० केलं की ३६, ४४, १४९ आणि १५७ पासून चार गट मिळतात. तिघांना तीन दिले आणि एक शिल्लक ठेवला. शिवाय रुंदी दुप्पट केली की पकडला जाणारा गोंगाटही ३ डेसिबलनं वाढतो, त्यामुळे लांबच्या फोनला रुंद चॅनलचा फायदा होण्याऐवजी तोटाच व्हायचा.

मधले ५२ ते १४४ चॅनल मोकळे असूनही मी सोडले. त्या पट्ट्यात रडार चालतात. तिथं बसण्याआधी एपीला किमान मिनिटभर नुसतं ऐकावं लागतं, आणि चालू असताना रडारसारखं काही जाणवलं तर तो चॅनल सोडून उठावं लागतं. रोज लक्ष ठेवणारा माणूस असलेल्या ठिकाणी हे चॅनल जरूर वापरावेत. इथं संध्याकाळी मॅडम आणि एक शिपाई एवढीच माणसं, आणि चार गट पुरेसे होते.

मग पॉवर. २.४ वर २३ वरून ११ डीबीएम, ५ वर १७. बारा डेसिबल कमी म्हणजे पॉवर सोळाव्या हिश्श्यावर आली. आकडा ऐकून मॅडम घाबरल्या, "अहो, मग कोपऱ्यात येणारच नाही ना!" मोकळ्या जागेत सहा डेसिबलनं अंतर निम्मं होतं, बारानं पाव. एका खोलीच्या छताला लावलेल्या एपीला त्या खोलीपुरतंच बोलायचं आहे, त्याला हे भरपूर होतं. ५ ची पॉवर सहा डेसिबल जास्त ठेवायचं कारण असं, की ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल त्याच अंतरावर २.४ पेक्षा सहा-सात डेसिबलनं कमी पडतो. दोन्ही समान ठेवले तर बरेच फोन २.४ चा सिग्नल मोठा बघून तिकडंच जाऊन बसतात. तोल असा साधला की फोन आपणहून ५ कडे वळतात, त्यांना ढकलावं लागत नाही. कमी सिग्नलवाल्याला तोडून टाकायची जी सोय सेटिंगमध्ये असते ती मी बंदच ठेवली. सबमिट करताना एपीनंच फोनला हाकललं तर आपण नवा त्रास निर्माण केला असता. के आणि व्ही ही एका एपीवरून दुसऱ्यावर जायला फोनला मदत करणारी दोन मानकं चालू केली. फोनला शेजारच्या एपींची यादी मिळते, निर्णय त्याचाच राहतो.

शेवटी सगळ्यात मंद वेग बंद केले. १, २, ५.५, ११ हे जुने वेग काढले आणि किमान वेग १२ मेगाबिट ठेवला. बीकनला लागणारा वेळ २.६ वरून ०.२२ मिलिसेकंदावर आला, साधारण बाराव्या हिश्श्यावर. आधी चॅनल ६ वरची आपली आठ नावं वीस टक्के हवा खात होती. आता प्रत्येक चॅनलवर आपली दोन नावं, मिळून अर्धा टक्कासुद्धा नाही.

हा बदल करण्याआधी मात्र इमारतीतलं प्रत्येक जुनं उपकरण शोधून काढावं. कार्यालयातला प्रिंटर टिकला. खालच्या दारापाशी कर्मचाऱ्यांचं हजेरीचं यंत्र होतं, दगडी भिंतीआड, उणे ८० च्या सिग्नलवर. ते १२ मेगाबिटवर टिकणार नव्हतं. त्याला मागं केबलची जागा होतीच. वायरमननं कपाटांच्या वरून पट्टी मारून केबल नेली आणि यंत्र वायफायवरून कायमचं उतरवलं. जे जागचं हलत नाही ते केबलवर आणि हवा हलणाऱ्यांसाठी, असा माझा आग्रह असतो.

सेटिंगमध्ये न मोडणारी एक गोष्टही केली. कार्यालयातला एपी कपाटामागून काढून छताच्या मध्यावर आणला. लोखंडाच्या आड बसलेल्या एपीला कितीही पॉवर दिली तरी ती कपाटच परत फेकतं. मुक्तद्वार कक्षात वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या आजोबांना पॉवर सोळाव्या हिश्श्यावर आणल्यावर आधीपेक्षा चांगला सिग्नल मिळू लागला, तो या जागेमुळे.

फरक आणि उरलेलं

मुलांच्या अभ्यासिकेत संध्याकाळचा २.४ चा आकडा दोनशेवरून साठ-सत्तरवर आला, म्हणजे पंचवीस टक्क्यांच्या आसपास. तीनचतुर्थांश फोन आपणहून ५ वर गेले, तिथं हवा बहुतेक वेळ मोकळीच. राउटरचा पिंग गर्दीतही दहा मिलिसेकंदांच्या आत येऊ लागला. आणि राउटरवरचा एकूण वापर ३५ वरून साठच्या घरात गेला. माणसं तेवढीच, प्लॅन तोच. आधी जे डेटा मागत होते त्यांना तो मिळत नव्हता, आता मिळू लागला. सबमिटची तक्रार मुलांच्या बाजूनं थांबली.

मुलींच्या बाजूनं ती पुरती थांबली नाही, आणि हे इथं नोंदवणं गरजेचं आहे. त्यांच्या खोलीत एपीच नव्हता. बोळातल्याची पॉवर कमी केल्यावर आतल्या भिंतीकडच्या दोन ओळींना सिग्नल उणे ७२-७५ च्या खाली गेला. हे होणार हे मोजणीतच दिसत होतं, म्हणून त्या एका एपीची ५ ची पॉवर तात्पुरती २० ठेवली आणि मंडळाला सांगितलं, की एक नवा एपी खरोखर हवा आहे, आणि तो याच खोलीत हवा आहे. लहान खोली, मागची, कमी खुर्च्यांची, म्हणून बसवताना ती सुटली होती. परीक्षा दोघांचीही तीच असते. मंडळानं प्लॅनसाठी राखलेल्या पैशातून तो मंजूर केला. शिल्लक ठेवलेला १५७ चा गट त्याला दिला. २.४ मात्र त्याचं बंदच ठेवलं, कारण १, ६, ११ तिन्ही वाटून झालेले होते आणि बोळातला १ तिथपर्यंत जुन्या फोनपुरता पोचत होता. त्यानंतर बोळाची पॉवर परत १७ वर आणली.

एक त्रास सेटिंगनं सुटण्यासारखा नव्हता. नेट चालत नाही म्हणून मुलांनी आपापले हॉटस्पॉट चालू ठेवायची सवय लावून घेतली होती. प्रत्येक हॉटस्पॉट म्हणजे आणखी एक एपी, तोही टेबलावर, बहुधा २.४ वर, आणि त्याचे बीकन त्याच मंद वेगानं. एका संध्याकाळी एकाच खोलीत अकरा दिसले. त्यांना दम देऊन उपयोग नव्हता, त्यांनी ते नाइलाजानं केलं होतं. मॅडमनी फलकावर लिहिलं, "वायफाय सुधारलं आहे, कृपया हॉटस्पॉट बंद ठेवा, त्यानं सर्वांचं नेट मंदावतं." कारण सांगितल्यावर मुलांनी ऐकलं. दोन-तीन अजून दिसतात.

दरडोई २ मेगाबिटची मर्यादा घालावी अशी एक सूचना मंडळात होती. मी ती नको म्हटलं. मर्यादेनं फायबरचं रक्षण होतं, आणि फायबरला कधीच त्रास नव्हता. अभ्यासक्रमाचा व्हिडिओ बघणाऱ्या मुलाला विनाकारण अडवण्यासारखं काही घडत नव्हतं.

चारही एपींचे चॅनल, रुंदी, पॉवर, किमान वेग आणि देश हे एका कागदावर लिहून तो कागद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये एपींच्या नोंदीशेजारी चिकटवला आहे. खाली तीन ओळी : नवा एपी आणला तर आधी चॅनलची जागा शोधा आणि मग भोक पाडा, फर्मवेअर अपडेट झाल्यावर देशाचा रकाना आणि ऑटो पुन्हा तपासा, संध्याकाळी नेट मंदावलं तर प्लॅन वाढवण्याआधी स्विचला केबल लावून वेग बघा. लॅपटॉपची केबल मॅडमच्या टेबलाच्या खणात ठेवली आहे आणि ती कुठं लावायची ते शिपायालाही दाखवलं आहे.